अपेक्षा : अनुरूप

माझा नंबर एकोणचाळीस होता, आणि नाना अजून ‘अपेक्षा’ या शब्दाच्या उगमापाशीच घोटाळत होते.

सांगलीच्या एका मंगल कार्यालयात आमच्या समाजाचा वधू-वर मेळावा भरला होता. डाव्या हाताला गुलाबी बिल्ले टाचलेल्या मुली, उजव्या हाताला निळे बिल्ले टाचलेली मुलं, आणि मधल्या खुर्च्यांवर आईबाप, मामा, मावशा. परिचय पुस्तकाचा उपयोग सगळे वारा घ्यायला करत होते. उद्घाटनाचे पाहुणे वाटेत कुठेतरी अडकले होते. तेवढा वेळ भरून काढायला मंडळाच्या चिटणिसांनी, दिगंबररावांनी, पहिल्या रांगेतल्या नानांना माइकपुढे उभं केलं आणि म्हणाले, “सर, दोन शब्द बोला.”

नाना म्हणजे माझे वडील, कराडच्या शाळेत जन्मभर संस्कृत शिकवून निवृत्त झालेले तारळेकर सर. ते दोन शब्द बोलले नाहीत. त्यांनी एकच शब्द घेतला, आणि तो काही केल्या सोडेनात.

“आपण सगळ्यांनी अर्जातल्या शेवटच्या रकान्यात अपेक्षा लिहिली आहे,” नाना सांगत होते. “पण अपेक्षा म्हणजे काय? ईक्ष् हा संस्कृत धातू. ईक्ष् म्हणजे पाहणे. त्याच्या आधी परि लावा. चहूबाजूंनी पाहणं, ती परीक्षा. प्रति लावा. कुणाच्या तरी वाटेकडे पाहणं, ती प्रतीक्षा. उप लावा, की जवळ असून न पाहिल्यासारखं करणं, ती उपेक्षा. आणि अप लावला की अपेक्षा. अप म्हणजे दूर. समोरचं सोडून लांब कुठेतरी नजर लावून बसायचं, ही अपेक्षा.”

मागे कुणाचं तरी मूल रडायला लागलं. नानांनी आवाज चढवला.

“आणि गंमत बघा. आपण म्हणतो, ह्याच्यापेक्षा तो बरा. तो ‘पेक्षा’ कुठून आला? ह्याच अपेक्षेतून. पुढचा अ तेवढा गळून पडला.”

माझ्या शेजारची चाळीस नंबरची मुलगी माझ्या कानाशी वाकली. “तुमचे कोण?”

“वडील.”

“घरीपण असंच?”

“घरी फळा नाही, म्हणून जरा कमी.”

ती हसली. मला हसू येत नव्हतं. पुस्तकात बघावं तर नाना बोलत होते ते खरंच होतं. सगळ्या अपेक्षा पेक्षाच्याच होत्या. मुलीपेक्षा उंच, मुलीपेक्षा शिकलेला, मुलीपेक्षा जास्त कमावणारा. आणि ज्यांना हे स्पष्ट लिहायची लाज वाटली त्यांनी ‘अनुरूप’ असं लिहिलं होतं. माझ्या नावापुढेही अनुरूप होतं. ते मी लिहिलेलं नव्हतं.

सकाळी बसमध्ये आमचं यावरूनच वाजलं होतं.

“नाना, अपेक्षेत काय लिहिलंत?”

“अनुरूप.”

“मी काय सांगितलं होतं?”

“रकाना एवढासा. त्यात तुझं म्हणणं मावेना.”

“वडील सोबत राहतील. यात न मावण्यासारखं काय आहे?”

“अनुरूप म्हटलं की त्यात सगळं येतं,” असं म्हणून नाना खिडकीबाहेरचा ऊस बघायला लागले. त्यांना उत्तर द्यायचं नसलं की ते बाहेर बघत. घरात असले तर पंख्याकडे.

त्यांच्या मांडीवर फिरकीचा तांब्या होता. पितळेचा, आतून कल्हई केलेला, झाकण फिरवून घट्ट लावायचा. तो आजोबांचा. आजोबा माझ्या आत्याच्या गावी जाताना तो भरून न्यायचे, कारण लेकीच्या सासरी पाणी प्यायचं नाही हा त्यांचा नेम. दिवसभर आत्याच्या ओसरीवर बसायचे, आपल्या तांब्यातलं पाणी प्यायचे आणि दिवेलागणीच्या आत परत फिरायचे. नाना हे मोठ्या अभिमानाने सांगत. मी ते जुन्या माणसांचं खूळ म्हणून ऐकत आले होते.

मी तेव्हा एकतीस वर्षांची होते. पाटबंधारे खात्यात आरेखक होते, कालव्यांचे आणि बंधाऱ्यांचे नकाशे काढायची. आई मी शाळेत असतानाच गेली. भाऊ नाही, बहीण नाही. घरात मी आणि नाना. नानांना साखर, त्यात गुडघे गेलेले. कुकरच्या शिट्या मोजता मोजता ते एखाद्या श्लोकात शिरले की भाताचा कोळसा व्हायचा. एकदा मोरीत पडले, आणि मी ऑफिसातून येईपर्यंत तसेच भिंतीला टेकून बसून राहिले होते. तेव्हापासून मी मनाशी पक्कं केलं, की लग्न करीन तर नाना माझ्याजवळ राहतील. पाहायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी हे पहिल्याच भेटीत सांगत असे. आणि मग पोह्यांच्या बशा उचलल्या जायच्या, काही दिवसांनी नकार यायचा. असे किती आले आणि किती गेले.

त्यातला एकच मनात राहिला. तासगावचा श्रीरंग भंडारे. दूध संघात केमिस्ट. मोठ्यांनी आम्हाला बोलायला गच्चीवर पाठवलं, तेव्हा मी माझं नेहमीचं सांगितलं. बाकीचे हे ऐकून आधी गप्प व्हायचे, मग “घरी विचारतो” म्हणायचे. श्रीरंगने विचारलं, “त्यांना पायऱ्या चढता येतात का? आमच्याकडे मागची खोली आहे, तिला पायऱ्या नाहीत.”

त्या एका प्रश्नावर मी आठवडाभर तरंगत होते. ऑफिसात एका बंधाऱ्याचा दरवाजा मी भलत्याच बाजूला काढला आणि साहेबांची बोलणी खाल्ली. मग एका संध्याकाळी घरी आले तर नानांनी स्वतः खिचडी टाकली होती. ताट वाढून ते म्हणाले, “तासगावचा नकार आला.” मी जेवले नाही. नानांनी ती खिचडी दोन वेळा गरम केली.

या गोष्टीला तीन वर्षं होऊन गेली होती. आता पुस्तकातल्या त्या एका शब्दामागे लपायचा मला कंटाळा आला होता. जे आहे ते भर मंडपात सांगायचं, ज्याला चालेल तो उभा राहील, नाही तर नाही. बसमधून उतरतानाच मी हे ठरवलं होतं.

शेवटी पाहुणे आले, नारळ फुटला, नाना खाली बसले. एकेक नंबर वर जाऊन येऊ लागला. माझी पाळी आली तेव्हा दिगंबररावांनी पुस्तकात बघून वाचलं, “नंबर एकोणचाळीस. वैजयंती दामोदर तारळेकर. आपल्या सरांची कन्या. नोकरी सरकारी. अपेक्षा, अनुरूप.”

मी माइक हातात घेतला. “त्यात एक दुरुस्ती आहे. लग्नानंतर माझे वडील माझ्याकडे राहतील. हे ज्यांना चालेल त्यांनीच पुढे बोलावं.”

दिगंबररावांनी माइक अलगद आपल्याकडे वळवला. “म्हणजे घरची मंडळी समजूतदार हवीत. अनुरूप.”

“समजूतदार नाही म्हटलं मी. वडील राहतील म्हटलं.”

“बघा, वडिलांवर किती माया. याला संस्कार म्हणतात. टाळ्या.”

टाळ्या पडल्या. माझी कानशिलं तापली. “पाहुणे म्हणून नाही,” मी माइक ओढून म्हटलं. “कायमचे.”

“कायमची माया. अगदी बरोबर,” दिगंबरराव म्हणाले. “नंबर चाळीस.”

मी पायऱ्या उतरले तेव्हा मंडपात खसखस पिकली होती. मी पहिल्या रांगेकडे पाहिलं. निदान नाना तरी माझ्याकडे पाहत असतील असं वाटलं. नाना तांब्याचं झाकण फिरवून घट्ट करत होते. ते आधीच घट्ट होतं.

दुपारी मागच्या अंगणात जेवणं सुरू झाली. मी मसालेभाताचं ताट घेऊन एका खांबाला टेकून उभी होते. कुणी माझ्याशी बोलायला येत नव्हतं. येत होत्या त्या फक्त बायकांच्या नजरा. तेवढ्यात एक ठेंगणी, गोरी बाई समोर येऊन उभी राहिली.

“वैजयंती ना तू? ओळखलंस का? मी तासगावची. श्रीरंगची आई.”

मी ओळखलं होतं. कमलताई भंडारे. त्या दिवशी आमच्या घरी त्यांनी पोह्यांची कृती विचारून घेतली होती.

“धाकटीसाठी आलेय,” त्या म्हणाल्या. “मगाशी बोललीस ते ऐकलं. अजून तेच म्हणतेस होय गं?”

“तेच म्हणते,” मी म्हटलं. आतून उसळून आलं होतं, ते थांबलं नाही. “तुम्हाला चाललं नाही, म्हणजे सगळ्यांनाच चालणार नाही असं थोडंच आहे?”

कमलताईंचा हात जिलबीवर थांबला. “आम्हाला चाललं नाही? अगं, आम्ही हो म्हणून कळवलं होतं की.”

“कुणाला?”

“तुझ्या वडलांना. मागची खोली रंगवायला काढली होती. श्रीरंगनं खोलीत भिंतीला धरायला दांडी बसवून घेतली, त्यांचे गुडघे दुखतात म्हणून. हे तर चेष्टा करायचे त्याची, सून यायच्या आधी व्याह्याची दांडी आली म्हणून.”

माझ्या हातातलं ताट मी खांबाजवळच्या कठड्यावर ठेवलं. “मग?”

“मग काय. तुझे वडील एकटेच आले की आमच्याकडे. म्हणाले, पत्रिका जुळत नाही. उन्हातनं आला आहात, पाणी तरी घ्या म्हटलं, तर पिशवीतनं आपलाच तांब्या काढला. मला तेव्हाच चमत्कारिक वाटलं बाई. म्हटलं, एवढे शिकलेले, आणि पत्रिकेवर अडले.”

नानांनी आयुष्यात कधी पत्रिका मानली नव्हती. शाळेत ते मुलांना सांगत, की ग्रहांना तुमचे मार्क ठाऊक नसतात.

“श्रीरंग बरे आहेत ना?” मी विचारलं. दुसरं काय विचारणार होते?

“बरा आहे. लेक झाली त्याला. आता चालायला लागली. ती दांडी धरूनच उभी राहायला शिकली.” एवढं बोलून कमलताईंना आपण काय बोललो ते कळलं असावं. त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि निघून गेल्या.

नाना बाहेर चिंचेखाली पारावर बसले होते. पिशवीतून दशमी काढून खात होते, साखरेमुळे तिथलं जेवण त्यांना नको होतं. मी समोर जाऊन उभी राहिले.

“तासगावला कशाला गेला होतात?”

त्यांनी वर पाहिलं नाही. घास चावून संपवला. “कमलताई भेटल्या वाटतं.”

“पत्रिका जुळत नाही म्हणालात. तुम्ही.”

“काहीतरी कारण द्यावं लागतं.”

“का द्यावं लागतं? ते हो म्हणत होते. माणूस चांगला होता. मला आवडला होता. हे तुम्हाला माहीत होतं.”

“माहीत होतं.”

“मग?”

“जावयाच्या घरात जाऊन राहायचं मी?” नानांचा आवाज एकदम चढला. पारापलीकडचे दोघेजण वळून पाहू लागले तेव्हा तो खाली आला. “सकाळी उठायचं आणि लेकीच्या सासरचा चहा घ्यायचा. दुपारी त्यांचं ताट. लोकांचं राहू दे. माझ्या घशाखाली उतरलं नसतं, वैजू. माझ्या वडलांनी तिथलं पाणी कधी तोंडाला लावलं नाही.”

“मग मला तसं सांगायचं. मी येणार नाही, तू जा, असं म्हणायचं.”

“म्हटलं असतं, तर गेली असतीस?”

मला उत्तर देता आलं नाही. आणि उत्तर देता येत नाही याचा मला त्यांच्यापेक्षा जास्त राग आला.

“म्हणून गप्प बसलो,” नाना म्हणाले. “वाटलं, आणखी दोन-चार स्थळं येतील. मग तुझी तूच कंटाळशील, अट सोडशील. मी त्याची वाट पाहत होतो.”

“आणि मी कुणीतरी एक हो म्हणेल याची वाट पाहत होते.”

नानांनी उरलेली दशमी फडक्यात गुंडाळली.

“म्हटलं होतं, नाना. हो म्हटलं होतं.”

आत माइकवर कुणीतरी हरवलेल्या चपलांबद्दल सांगत होतं. मला मोठ्याने ओरडायचं होतं, पण तिथे निम्मा समाज हात धूत उभा होता. मी दात आवळून म्हटलं, “सकाळी एवढा वेळ उभं राहून सगळ्यांना अपेक्षेचा धातू सांगितलात. तीन वर्षं मी तुमच्या समोर बसून जेवतेय. मला एकदा विचारायचं होतं.”

“शब्द सांगायला सोपा असतो गं,” नाना म्हणाले. चिंचेच्या शेंड्याकडे पाहत त्यांनी चाचपडत तांब्याचं झाकण फिरवलं, आणि तांब्या माझ्यापुढे धरला. “पाणी पी. चेहरा बघ कसा झालाय.”

मी प्यायले नाही.

परतीच्या बसमध्ये आम्ही एका बाकावर बसून आलो आणि एक अक्षर बोललो नाही. घरी मी स्वयंपाक करत राहिले, नाना जेवत राहिले. पुढे केव्हातरी बोलणं सुरू झालं, ते गॅसच्या नंबरावरून.

मेळाव्यातून माझ्यासाठी एकही निरोप आला नाही. दोन वर्षांनी मी आमच्याच खात्यातल्या सदानंदशी लग्न केलं आणि कोल्हापूरला गेले. सदानंद भला माणूस आहे. त्याला मी कोणतीही अट घातली नाही. घालून काय करणार होते, ज्याच्यासाठी घालायची तो माणूसच येणार नव्हता. म्हणजे नाना ज्याची वाट पाहत होते ते शेवटी झालं. त्यांना त्याचा आनंद झालेला मात्र मला कधी दिसला नाही. कराडच्या घरी ते एकटे राहिले. शेजारच्या वहिनी डबा देत.

महिन्यातून एकदा ते कोल्हापूरला यायचे. सकाळच्या बसने यायचे, आमच्या बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी बसायचे, आपली दशमी खायचे, आपल्या तांब्यातलं पाणी प्यायचे आणि उन्हं कलली की निघायचे. सदानंदने किती वेळा म्हटलं, “नाना, आता इथेच राहा.” नाना म्हणायचे, “बघू.” मी तर म्हणणंच सोडून दिलं होतं. प्रत्येक वेळी ते झाकण फिरवायचा आवाज आला की माझं डोकं फिरायचं. इतकी वर्षं गेली तरी फिरायचं. मी उठून आत जायची आणि उगाच भांडी विसळायची.

एका वर्षी उन्हाळा फार कडक होता. नाना ऐंशीला टेकले होते. त्यांच्या एका फेरीत दुपारी मी बाहेरच्या खोलीत आले तर त्यांनी तांब्या उलटा करून शेवटचे थेंब तोंडात घेतलेले मी पाहिले. माठ त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता, वर पेला उपडा घातलेला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ओठांवरून जीभ फिरवली आणि पेपर उघडला. मीही पेला उचलला नाही. म्हटलं, बसा असेच.

निघताना चपला घालून झाल्यावर ते दारात घुटमळले. पिशवीत हात घालून त्यांनी तांब्या बाहेर काढला आणि माझ्याकडे न बघता पुढे केला.

“एवढा भरून दे. बसमध्ये लागेल.”

मी तशीच उभी राहिले. मग तांब्या घेतला, माठातून भरला, झाकण फिरवलं आणि त्यांच्या हातात दिला. “येतो,” म्हणून ते कठड्याला धरून एकेक पायरी उतरले.

मी खिडकीशी गेले. नानांनी फाटक उघडलं, बाहेर एक पाऊल टाकलं, मागे वळून फाटकाची कडी नीट लावली. मग आमच्या घराकडे पाठ केली आणि तिथेच रस्त्याच्या कडेला, भर उन्हात, झाकण काढून तांब्या तोंडाला लावला. ते थांबेनात. मान मागे करून घटाघटा पीत होते. पाणी सदऱ्यावर सांडत होतं.

मला इतका राग आला, की डोळ्यांपुढचं फाटक दिसेना. अख्खी दुपार हा माणूस माठाशेजारी तहानलेला बसला होता. माझ्या हातचं पाणी त्याला चालत होतं, फक्त माझ्या घराचं फाटक मध्ये लावून घ्यावं लागत होतं. तासगावच्या त्या खोलीला तर पायऱ्याही नव्हत्या.

मी अनवाणीच खाली धावले. माझी चाहूल लागली तेव्हा ते घाईने झाकण बसवत होते, आणि आटे काही केल्या जुळत नव्हते. मी त्यांच्या हातातून तांब्या काढून घेतला. अर्ध्याहून जास्त रिकामा झाला होता. वर गेले, पुन्हा भरला आणि घेऊन आले. नाना तिथेच, फाटकाबाहेर, रस्त्याकडे तोंड करून उभे होते.

तांब्या हातात घेऊन त्यांनी त्याचा अंदाज घेतला.

“एवढा काठोकाठ नको भरूस,” ते म्हणाले. “बसमध्ये हिंदकळतं.”